दोऱ्याच्या गाठी मोजा : अंगदुखी, सांधेदुखी आणि रात्रीची तुटक झोप

सोलापुरातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून येणाऱ्या एका अक्कांची मान आणि उजवा खांदा तीन वर्षं दुखत होता. गोळ्या झाल्या, शेक झाला, मलमाच्या ट्यूबा झाल्या. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे नेहमीचे व्यायाम दिले. दोन आठवड्यांनी बघितलं तर फरक शून्य. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, "अक्का, रात्री झोप कशी लागते?"

"लागते की म्याडम. नवाला आडवं होते ते सहाला उठते."

नऊ तास! मी म्हटलं, "मधे जाग येते का?"

"येते की. ते काय मोजून ठेवलंय का मी?"

मोजायचं कसं, हा प्रश्न खरा होता. त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि अंधारात घड्याळ बघायला लावलं असतं तर होती ती झोपही गेली असती. शेवटी त्यांच्याच हातातला विडीचा दोरा कामाला आला. उशाशी हातभर दोरा ठेवायचा, जाग आली की डोळे न उघडता एक गाठ मारायची, सकाळी गाठी मोजायच्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी पिशवीतून सात दोरे काढून टेबलावर ओळीने मांडले. सात गाठी, नऊ, सहा, आठ... आणि नळाला पाणी सुटलं त्या रात्रीच्या दोऱ्यावर अकरा.

तेव्हापासून माझ्या तपासणीचा क्रम बदलला. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कंबर, मान, खांदे, गुडघे किंवा सगळंच अंग दुखतंय असं कोणी सांगितलं की मी आधी रात्रीबद्दल विचारते. ज्यांना हे घरच्या घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी पूर्ण पद्धत लिहिते आहे. साधारण सहा आठवड्यांचं काम आहे.

दुखण्याने झोप जाते, पण उलटंही होतं

दुखत असलं की झोप लागत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. उलटी बाजू मात्र सहसा लक्षात येत नाही. १९७५ साली टोरँटोमध्ये हार्वे मोल्डोफस्की यांनी ठणठणीत तरुणांवर एक प्रयोग केला. त्यांना झोपू दिलं, पण गाढ झोपेत शिरले की आवाज करून तिथून वर काढलं. पूर्ण जागं करायचं नाही, फक्त गाढ झोप मोडायची. थोड्याच रात्रींत त्या धडधाकट पोरांचं अंग दुखायला लागलं, स्नायू दाबले की दुखू लागले.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००७ मधला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला प्रयोग. निरोगी बायकांचे गट केले. एका गटाला कमी झोपू दिलं, पण सलग. दुसऱ्या गटाला तेवढीच झोप मिळाली, पण रात्रभर पुन्हा पुन्हा उठवून. शरीराला दुखणं दाबायचा स्वतःचा एक ब्रेक असतो. मेंदूतून मणक्यातल्या मज्जारज्जूकडे उतरणारे संदेश वेदनेचा आवाज कमी करतात. हा ब्रेक बिघडला तो तुटक झोपेच्या गटात. कमी पण सलग झोपलेल्यांचा तसा बिघडला नाही.

अक्कांच्या नऊ तासांचा हिशेब इथे लागतो. तास भरपूर होते, पण ते आठ-नऊ तुकड्यांत होते.

२०१९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी रात्रभर जागवलेल्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन काढले. वेदना नोंदवणारा भाग जास्त भडकलेला दिसला आणि वेदनेची तीव्रता आवरणारे भाग मंदावलेले. म्हणजे तोच गुडघा, तीच झीज, पण जागरणानंतर तो जास्त दुखतो. "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं घरचे म्हणत असतील तर त्यांना हे सांगा.

आणखी एक गोष्ट. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं, आणि सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश हिश्श्यात जास्त असते. वाढीचं संप्रेरक, ज्याचा स्नायूंच्या डागडुजीशी संबंध आहे, तेही मुख्यतः याच वेळी स्रवतं. म्हणून झोपल्यावरचे पहिले तीन तास कोणी मोडू नयेत.

झोप सुधारल्याने सांध्यातली झिजलेली कूर्चा परत येत नाही, मणक्यांमधली सरकलेली चकती जागेवर बसत नाही. कमी होतो तो दुखण्याचा जोर, आणि व्यायाम करायची ताकद येते. तेवढं बऱ्याच जणांना पुरतं.

सुरुवात करण्याआधी : हे असेल तर आधी डॉक्टर

पुढचं सगळं साध्या, जुन्या दुखण्यासाठी आहे. खालीलपैकी काही असेल तर उशा-टॉवेलांच्या नादी लागू नका.

कोणत्याही कुशीवर वळलं तरी न थांबणारं रात्रीचं दुखणं, सोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं. यात तर तासभरही थांबू नका. एकच सांधा लाल, गरम आणि टम्म सुजलेला. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. छातीत दाब येऊन डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणं.

सकाळचा कडकपणा वेगळा बघा. उठल्यावर सांधे आखडलेले असतात आणि अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात, तर ते बहुधा झिजेचं दुखणं. पण बोटांचे सांधे सुजलेत, मूठ वळत नाही, आणि हे तासभर किंवा जास्त टिकतंय, आठवड्यामागून आठवडे चाललंय, तर आमवाताची तपासणी करून घ्या. त्याची औषधं वेगळी असतात आणि वेळेत सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. चिकनगुनिया होऊन गेलेल्यांचे सांधे कित्येक महिने दुखत राहू शकतात, तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

पहिले दोन आठवडे : फक्त नोंद

काही बदलू नका. वही घ्या, नाहीतर कॅलेंडरच्या मागची बाजू. रोज सकाळी, चहाच्या आधी, पाच गोष्टी लिहा: अंथरुणावर कधी पडलो, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली (आणि अंदाजे किती वेळ), कायमचं उठलो कधी, आणि सकाळचं दुखणं शून्य ते दहात किती. जाग मोजायला गाठींचा दोरा वापरा. मोबाइल नको, वेळ बघायला उचललेला मोबाइल वीस मिनिटांनी खाली ठेवला जातो, हे मी स्वतःवरून सांगते. मनगटावरच्या घड्याळातले "गाढ झोप ४२ मिनिटं" असले आकडेही फार मनावर घेऊ नका. ते अंदाज असतात, आणि त्यांच्याच काळजीने झोप उडालेले लोक मी बघितलेत.

जाग कशाने आली तेही जमेल तसं लिहा: कुशीवर वळताना कळ, लघवी, डास, उकाडा, पाणी, हाताला मुंग्या, नवऱ्याचं घोरणं. बहुतेक उत्तर याच रकान्यात सापडतं.

दोन आठवड्यांनी एक भागाकार करायचा. प्रत्यक्ष झोपेचे तास भागिले अंथरुणावरचे तास. अक्का नऊ तास पडून असत, आणि जागेपणाची मिनिटं वजा करता झोप भरत होती साडेपाच-पावणेसहा तास. म्हणजे साठ-पासष्ट टक्के. हा आकडा ८५ च्या आसपास हवा. अंथरुणावरचा एक तृतीयांश वेळ माणूस जागाच पडून असेल तर शरीराची एक सवय बसते: अंथरूण म्हणजे तळमळायची जागा.

उशी, गादी आणि टॉवेलाची वळकटी

हा भाग मी लांबवणार आहे, कारण यात लगेच फरक पडतो आणि खर्च जवळजवळ नाही.

कंबर दुखली की फळीवर झोपा, जमिनीवर झोपा, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. २००३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांना काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. तेव्हा फळी नको, आणि मधे खड्डा पडलेली जुनी कापसाची गादीही नको. गादी पिंजून घ्या. तोवर दोन सोलापुरी चादरी चौघडी करून कमरेखालच्या भागात घाला, खड्डा भरतो. जमिनीवरच झोपायची सवय असेल तर सतरंजीवर कमीत कमी दोन गोधड्या हव्यात. कुशीवर झोपल्यावर खुबा टोचत असेल तर अंथरूण अजून पातळ आहे असं समजा.

आता टॉवेल. आपल्या गावात जाड टर्किश टॉवेलाची कमी नाही, आणि मला तरी महागड्या ऑर्थोपेडिक उशीपेक्षा तो जास्त उपयोगाचा वाटतो, कारण जाडी हवी तशी करता येते. टॉवेल लांबीत दुमडा, घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधा. अशा दोन-तीन वळकट्या करून ठेवा.

कुशीवर झोपणाऱ्यांनी उशी खांद्याच्या रुंदीइतकी जाड घ्यावी, म्हणजे मान सरळ रेषेत राहते. मागे कोणाला तरी उभं करून बघायला सांगा: नाकाची रेघ आणि छातीच्या मधली रेघ एकाच सरळीत यायला हवी. मानेच्या खोबणीत, उशीच्या अभ्र्याच्या आत, मनगटाएवढी एक वळकटी सरकवा. दोन गुडघ्यांच्या मधे दुसरी, मोठी; गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी, नाहीतर वरचा पाय पुढे घसरून कंबर पिळते. खांदा दुखत असेल तर त्या बाजूवर झोपू नका, आणि दुखरा हात छातीशी धरलेल्या उशीवर ठेवा. तो खाली लोंबकळला की रात्रभर ताण पडतो.

उताणं झोपणाऱ्या कंबरदुखीवाल्यांनी गुडघ्यांखाली वळकटी ठेवली तर कमरेला आराम पडतो. पण गुडघ्याची झीज असेल तर हे रोज रात्रभर करू नका. गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि पुढे तो पूर्ण सरळ होत नाही. अर्धा तास ठेवून काढून टाका.

पालथं झोपणाऱ्यांशी मी फार भांडत नाही. मान एका बाजूला वळलेली राहते, त्यामुळे मान दुखणाऱ्यांनी ती सवय मोडावी. पोटाशी लांब उशी धरून तीन-चतुर्थांश कुशीवर झोपणं ही मधली वाट.

विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायकांसाठी एक खास गोष्ट. मध्यरात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं? मनगटातल्या नसेवर दाब येण्याचं ते लक्षण आहे. दिवसभर मांडीवर सूप घेऊन मनगट वाकवून काम, आणि रात्री तोच हात दुमडून गालाखाली. मनगट सरळ ठेवणारा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो. तो रात्री झोपताना बांधायचा. आवळून नाही, बोट आत जाईल इतका सैल. अक्कांच्या नऊ गाठींतल्या तीन याच होत्या, आणि त्या पहिल्याच आठवड्यात गेल्या. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग खपाटीला जात असेल, वस्तू हातातून सुटत असतील, तर मात्र पट्ट्यावर थांबू नका.

उठायची वेळ बांधा

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून खिळा तिथे ठोकायचा. पाच, साडेपाच, सहा, जी जमेल ती. पण रविवारीसुद्धा तीच. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं उजेडात जा. अंगणात झाडू मारा, गच्चीवर तुळशीला पाणी घाला, सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चक्कर मारा. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो आणि रात्रीची पेंगही त्यावरूनच ठरते.

मग वहीतला आकडा काढा. सरासरी साडेपाच तास झोप होत असेल तर अंथरुणावर सहाच तास राहायचं. उठणं साडेपाचला ठरलं, तर साडेअकराच्या आत अंथरुणाला पाठ टेकायची नाही. अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच आजारी आहे. "झोप यायला आले मी, तुम्ही जागं ठेवायलाय!" पण दहाव्या दिवसापर्यंत पडल्या पडल्या डोळा लागू लागला. झोपेचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची, अंगाला बरं वाटेल तिथपर्यंत. मोठ्या माणसाला साधारण सात तास तरी लागतात, त्यामुळे सहा तास हे कायमचं नाही.

निद्रानाशावर गोळीच्या आधी द्यायची जी वर्तनोपचार पद्धत आहे, तिचाच हा गाभा आहे. २०१६ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स हीच पद्धत पहिला उपचार म्हणून सुचवतं. फिट येणारे, बायपोलर आजार असलेले, ट्रक-रिक्षा चालवणारे किंवा धोक्याच्या यंत्रावर काम करणारे यांनी मात्र झोपेचे तास स्वतःहून असे आवळू नयेत, डॉक्टरांना विचारूनच करावं. आणि सहा तासांच्या खाली तर कोणीच जाऊ नये.

संध्याकाळनंतर

चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेला कप रात्री बारालाही निम्मा शिल्लक असतो. शेवटचा चहा चारला. मशेरी, मावा, तंबाखू हे सुद्धा उत्तेजक आहे. "मशेरी लावल्याशिवाय झोप येत नाही" असं वाटतं, कारण तलफ भागते, पण निकोटीन झोप हलकी करतं. निदान झोपण्याआधीचे दोन तास सोडा. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री तुटते; दुखण्यावर ती औषध म्हणून घेणाऱ्यांनी गाठी मोजून बघाव्यात, माझं ऐकायची गरज नाही.

जेवण आणि झोप यांत दोन-अडीच तास. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी असेल तर फार विचार करू नका. रात्री उशिरा तिखट रस्सा ओरपून जळजळ होत असेल तर करा.

गरम पाण्याची अंघोळ झोपण्याच्या एक-दोन तास आधी घ्या, दहा मिनिटं पुरे. कातडीकडे रक्त धावतं, आतली उष्णता बाहेर पडते, आणि शरीर आतून थंड झालं की झोप लवकर लागते. आखडलेले स्नायू सैल होतात तो वेगळा फायदा. मे महिन्यात कोणी गरम पाणी घेणार नाही हे मलाही कळतं. तेव्हा साधं कोमट पाणी, आणि पाय घोट्यापर्यंत बादलीत.

त्यानंतर पाच मिनिटं सैलावणं: भिंतीला हात टेकून पोटरी ताणणं प्रत्येकी तीस सेकंद (रात्रीचे गोळे येणाऱ्यांनी हे चुकवू नका), पाठीवर झोपून एक-एक गुडघा छातीशी, खांदे मागून गोल. कळ येईल इतकं ताणायचं नाही. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. एकाच खोलीचं घर असेल तर फडताळावर, हात पोचणार नाही असा.

उन्हाळा आणि पाणी

झोपेवरचे पुस्तकी सल्ले "खोली थंड ठेवा" म्हणून मोकळे होतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, आणि पत्र्याच्या घरात रात्री बारालाही छत धगधगत असतं. आपली हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी उडून गारवा मिळतो: खिडकीला ओलं गोणपाट किंवा चादर, समोर पंखा, आणि समोरच्या बाजूची दुसरी खिडकी उघडी. पत्र्यावर संध्याकाळी पाणी मारता आलं तर मारा, नाहीतर दिवसभर वर तट्टा टाका. पावसाळी दमट हवेत हा उपाय चालत नाही, तेव्हा नुसता पंखा अंगावर घ्या. गच्चीवर झोपणार असाल तर वळकट्या आणि गोधडी सोबत न्या. गार वाऱ्यासाठी गेलेली माणसं नुसत्या चटईवर झोपून सकाळी मान धरून खाली येतात. मच्छरदाणी हवीच.

पाण्याचं मी काय सांगणार. रोज येत नाही, आणि येतं तेव्हा कधी कधी रात्री दोनला. त्या रात्री दोन गोष्टी होतात: झोप मोडते आणि गाढ झोपेतून उठलेलं आखडलेलं अंग थेट घागरी उचलतं. कंबर धरण्याचं हे मी बघितलेलं सगळ्यात नेहमीचं कारण. उपाय साधे आहेत, घरच्यांना मान्य करायला लावणं अवघड. पाण्याची पाळी लावा. एका वेळी एकजण उठेल, आणि ज्याचं दुखणं जास्त तो शक्यतो नाही. हंडे वाहण्याऐवजी पाइप बॅरलपर्यंत न्या. उचलायचंच असेल तर दोन मिनिटं चालून, मग अर्धी बादली, दोन्ही हातांत सारखी. मोठा दिवा लावू नका. परत आल्यावर लगेच आडवे व्हा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटं डुलकी काढा. उठायची वेळ तीच ठेवा.

अक्कांच्या घरात सुनेने आणि मुलाने पाळी वाटून घेतली. मुलाला राजी करायला अकरा गाठींचा दोरा कामी आला.

रात्री जाग आली तर

गाठ मारा, कूस बदला. कूस बदलताना कळ येत असेल तर एकदम पिळून वळू नका: गुडघे दुमडा, पोट किंचित आत घ्या, खांदा आणि खुबा एकत्र फिरवा, लाकडाचा ओंडका लोटल्यासारखं. अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून बसा, अंथरुणापासून दूर. अंधुक उजेडात एखादं कंटाळवाणं काम: कपड्यांच्या घड्या, नामस्मरण, पाकळ्या वेगळ्या करून लसूण सोलणं. विडीची पानं कापायला घेऊ नका, ते काम आहे आणि त्याला भान लागतं. पेंग आली की परत.

रातपाळीवाले

यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्यांना वरचं वेळापत्रक लागू होत नाही. कारखान्यातून सकाळी सुटल्यावर थेट घरी, वाटेत हॉटेलात चहा नको. जाड चादर खिडकीला खिळ्यांनी ठोका, कानात फोमचे बोळे. शहराच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत खालीच माग असतात, तिथे जमलं तर मागाच्या विरुद्ध टोकाची खोली धरा. दिवसाची झोप तशीही तोकडी असते, म्हणून दोन तुकडे करा: सकाळी चार-साडेचार तास सलग, आणि पाळीवर जायच्या आधी दीड तास. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर निदान काही तास दोन्ही आठवड्यांत सामाईक ठेवा, उदाहरणार्थ सकाळी सहा ते नऊ... पण हे दिवसपाळीत जमत नाही, मला ठाऊक आहे. तेव्हा मुकादमाला विचारून बघा, पाळी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने बदलता येते का. काही ठिकाणी ऐकतात.

दिवसा हललंच पाहिजे

चांगल्या झोपेची तयारी दिवसा होते. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालणं, सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे. एका जागी बसून काम असेल तर दर तीस-चाळीस मिनिटांनी उठा. विडीवाल्या बायकांना मी सांगते, शंभर झाल्या की उठून एक फेरी. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं दहा वेळा, भिंतीवरचे दंड दहा. दुसऱ्या दिवशी अंग जड वाटलं तर ठीक. चोवीस ते बहात्तर तासांत ते सगळ्यात जास्त जाणवतं, मग ओसरतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वजाची उंच काठी पेलण्याचा सराव करणाऱ्या मंडळींना हे दुखणं पक्कं ओळखीचं आहे. ते दुखतं म्हणून कोणी काठी सोडत नाही.

गोळ्यांबद्दल

मेडिकलवाल्याकडून घेतलेली दुखण्याची गोळी रोज, महिनोन् महिने चालवू नका. जठराला व्रण, बीपी वाढणं, मूत्रपिंडावर ताण, हे सगळं घडतं. बिननावाच्या "सांधेदुखीच्या पुड्या" तर अजिबात नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणूनच त्यांनी दोन दिवसांत जादू होते. झोपेच्या गोळीची सवय लागते, वयस्कर माणसं रात्री लघवीला उठून पडतात. पण जी गोळी आधीच नियमित चालू आहे ती एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा. कोलेस्टेरॉलच्या गोळीने कधी कधी स्नायू दुखतात. संशय आला तर विचारा, स्वतःहून थांबवू नका.

सहा आठवड्यांनी

वही परत उघडा आणि पहिल्या आठवड्यातल्या गाठी आताच्या गाठींशी ताडून बघा. दुखण्याचा आकडा गाठींच्या मागून, आठवडा-दोन आठवडे उशिरा उतरतो, त्यामुळे आधी गाठींकडे बघा.

गाठीच कमी झाल्या नसतील तर कारण दुसरं आहे. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून धडपडणं, सकाळी डोकं जड आणि दिवसा बसल्या जागी पेंग, असं असेल तर झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची तपासणी. आडवं झालं की पायांत वळवळ, हलवले की बरं, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन तपासा. ते ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देतात, नुसतं हिमोग्लोबिन चांगलं असून भागत नाही. थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व, बी १२ एकदा बघून घ्या. मधुमेह्यांमध्ये खांदा गोठण्याचं प्रमाण जास्त, आणि तो खांदा रात्रीच जास्त ठणकतो. मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, तर टेलि मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. अक्का दोरेच घेऊन गेल्या होत्या, रबरबँड लावून. सहाव्या आठवड्यातल्या जुडीत बहुतेक दोऱ्यांवर दोन गाठी होत्या, एकावर तीन. खांदा दहापैकी सातवरून चारवर आला होता, आणि आता व्यायाम अंगी लागत होते.